सांभाळणाऱ्या माणसाची नोंद कुठेच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनाचे कार्यक्रम होतात. तालुक्याच्या गावी पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना शाल-श्रीफळ देऊन गौरवले जाते, आरोग्य तपासणीचे शिबिर भरते आणि त्याची छायाचित्रे आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर येतात. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी चार लोकांत मान मिळतो, हे चांगलेच आहे. परंतु त्या छायाचित्रांत असतात ते सभागृहापर्यंत चालत येऊ शकणारे वृद्ध. ज्यांना बाजेवरून उठता येत नाही, कूस बदलायलाही ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, ते त्या दिवशी घरातच असतात, आणि त्यांच्यापायी घरात अडकून पडलेले आणखी एक माणूसही तिथेच असते. हे पत्र त्या दुसऱ्या माणसाविषयी आहे.

मी औसा तालुक्याचा रहिवासी. ग्रामसेवक म्हणून जवळपास तीस वर्षे नोकरी करून २०२२ मध्ये निवृत्त झालो. ग्रामपंचायतीच्या नोंदींचे एक ते तेहेतीस नमुने मी हाताने लिहिले आहेत. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू, घरकुल, शौचालय, हातपंप, पथदिवे यांपैकी कशाचीही माहिती वरून मागितली गेली की दुसऱ्या दिवशी ती मी पंचायत समितीत पोहोचवत असे. पण गावात किती माणसे अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सगळे कोण करते, ही माहिती तीस वर्षांत मला एकदाही कोणी मागितली नाही. ती आपण होऊन लिहावी, असे मलाही सुचले नाही, आणि तेही अशा काळात की माझ्याच घरात माझी माय सात वर्षे बाजेवर होती.

डिसेंबर २०१४ मध्ये एका पहाटे मायच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आज मला माहीत आहे; त्या दिवशी आमच्या घरात ते कोणालाच माहीत नव्हते. आम्ही आधी शेजारच्या गावी लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे गेलो, आणि शहरातल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. अठरा दिवसांनी मायला घरी सोडले तेव्हा तिच्या नाकात जेवणाची नळी होती, लघवीसाठी वेगळी नळी होती आणि सुटीच्या कागदावर गोळ्यांची नावे होती. नळीतून काय आणि किती वेळाने द्यायचे, देताना डोके किती उंच ठेवायचे, कूस किती वेळाने बदलायची, याविषयी त्या कागदावर एक अक्षर नव्हते. ‘घरी न्या, आता सेवा करा,’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले.

ती सेवा माझ्या पत्नीने केली. मी सकाळी मोटारसायकलवर निघायचो आणि दिवेलागणीला परतायचो. गावात नाव मात्र माझे झाले. आईचे करावे तर यांनी, असे लोक म्हणत. एका कार्यक्रमात तर व्यासपीठावरून माझा उल्लेख श्रावणबाळ असा झाला आणि मी तो खाली मान घालून ऐकून घेतला. ही गोष्ट मला आज सर्वांत जास्त सलते. मायला नळीतून भरवणारे, तिचे मलमूत्र काढणारे, तिची वेणी घालणारे आणि रात्री तीन-तीन वेळा उठून तिला कुशीवर वळवणारे हात माझे नव्हते. त्या सात वर्षांत माझी पत्नी माहेरी एक रात्रही राहिली नाही. नागपंचमीला भाऊ न्यायला यायचा आणि चहा घेऊन परत जायचा. सख्ख्या भाचीचे लग्न साठ किलोमीटरवर होते; ते तिने मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. तिचा स्वतःचा रक्तदाब आणि साखर वाढल्याचे आम्हाला कळले ते ती मायच्या बाजेजवळच चक्कर येऊन पडली तेव्हा.

सातव्या आठवड्यात मायच्या माकडहाडावर जखम झाली. आधी कातडी लाल झाली, मग सोलवटली, मग आत खड्डा पडला. पत्नीला वाटले, आपलेच काहीतरी चुकले. उपकेंद्रातील आरोग्य सेविका आमच्याच गल्लीत राहत असत. त्या एका संध्याकाळी आपल्या वेळात आल्या आणि तासाभरात त्यांनी पत्नीला जे शिकवले, त्यावर आमच्या घराने पुढची सात वर्षे काढली. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कोणत्या कुशीवर किती वाजता वळवले ते कागदावर लिहायचे. एकट्या माणसाने जड माणूस ओढायचा नाही. खाली दुहेरी चादर अंथरायची आणि चादरीनेच सरकवायचे, म्हणजे रुग्णाची कातडी घासत नाही आणि उचलणाऱ्याची कंबर जात नाही. भरवताना डोके आणि छाती उंच ठेवायची आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. टाचांखाली उशी द्यायची नाही, पिंडरीखाली द्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. यातल्या कशालाही यंत्र लागत नाही की मोठा खर्च लागत नाही. हाच एक तास आम्हाला रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी मिळाला असता, तर मायला ती जखम झाली नसती. ती भरून यायला पाच महिने लागले.

ते शिकवणे म्हणजे त्या आरोग्य सेविकांचा चांगुलपणा होता, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे वाचली. हा कार्यक्रम केंद्र शासनाने २०१०-११ मध्ये सुरू केला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांच्या घरी जाऊन भेट, अशी त्याची रचना आहे. त्या गृहभेटीत कुटुंबातील सांभाळणाऱ्या व्यक्तीला प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात लिहिलेले आहे. म्हणजे ज्याला आम्ही उपकार मानत होतो ते मायला घरी आणण्याच्या आधीपासून कागदावर ठरलेले काम होते. मैदानी भागात एक उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येसाठी असते आणि तिथली आरोग्य सेविका लसीकरण, गरोदर माता, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन नोंदी यांत गळ्यापर्यंत बुडालेली असते, हे मी जवळून पाहिले आहे. तिच्यावर आणखी एक काम लादा असे मी म्हणत नाही. त्या कामासाठी वेगळे माणूस हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पैशांविषयी. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांपेक्षा जास्त मिळवणारे कुटुंब या योजनेच्या दृष्टीने पात्र नाही. दोन माणसे शेतमजुरीला गेली तर आठवड्यातच हा आकडा ओलांडला जातो. अंथरुणावरच्या माणसाला दिवसाला तीन डायपर लागतात. अगदी स्वस्तातला तीस रुपयांचा धरला तरी महिन्याचे २,७०० रुपये होतात. ज्यांना परवडत नाही त्या घरांत जुन्या लुगड्यांचे तुकडे वापरतात, आणि ते रोज धुण्यासाठी उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचे हा आमच्या भागातला वेगळाच प्रश्न असतो. टँकरच्या खेपा मंजूर करताना माणशी लिटर मोजले जातात. त्या घरात बाजेवर कोणी आहे का, हे त्या हिशेबात नसते. मी स्वतः ते हिशेब केलेले आहेत.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कंबरपट्टा अशा साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. हा निर्णय मोठा आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधोपचार त्यात बसतो. माझी माय अठरा दिवस रुग्णालयात होती आणि सात वर्षे घरात होती. पंधरा दिवसांनंतरचा सगळा काळ कुटुंबाच्या अंगावर आहे, आणि कुटुंबाच्या म्हणजे त्यातल्या एकाच व्यक्तीच्या अंगावर आहे.

कायद्याकडे पाहिले तरी हेच दिसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ मध्ये आला. मुले सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील लावावा लागत नाही, आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. आई-वडिलांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड सांगितलेला आहे. आमच्या लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये याच्याही पुढे जाऊन, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापण्याचा ठराव केला. मी तेव्हा सेवेत होतो. त्या ठरावाची राज्यभर चर्चा झाली आणि तो योग्यच होता, असे माझे आजही मत आहे. परंतु त्याच जिल्हा परिषदेत घरी अंथरुणावरच्या आईबापाला सांभाळून नोकरी करणाऱ्या शिक्षिका होत्या, परिचर होते, अंगणवाडी सेविका होत्या. त्यांना एखादी जादा रजा द्यावी, बदलीत घराजवळचे गाव द्यावे, असा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. जो टाकून देतो त्याची नोंद करायला आपण शिकलो. जो सांभाळतो, त्याच्यासाठी मात्र अजून एक रकानाही नाही.

हा सांभाळणारा माणूस मराठवाड्यात कोण असतो, याकडे जरा बारकाईने पाहायला हवे. बहुतेक घरांत ती सून असते. देशभरातील लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केली. घरातल्या बिनमोल कामांत भाग घेणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे त्यात आढळले. लेकरे, आजारी आणि म्हातारी माणसे सांभाळणाऱ्यांत स्त्रिया १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६. आमच्या घरातला आकडा यापेक्षाही वाईट होता.

पण आता सूनही गावात नसते. मुलगा आणि सून चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या कारखान्यात असतात, आणि गावात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला बहात्तर वर्षांची म्हातारी उचलत असते. मुलगा मोबाइलवरून पैसे पाठवतो, दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, त्याच्या मायेत काही खोट नसते. तरी रात्री दोन वाजता वडील मोरीत पडले तर त्यांना उठवायला दुसरे माणूस लागते आणि ते गल्लीत उरलेले नसते. १९९३च्या भूकंपानंतर आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात जी गावे नव्या जागी वसली, तिथे हे फार जाणवते. जुन्या गावठाणात माळवदाला माळवद लागलेले होते. एका घरातून हाक मारली की चार घरांत ऐकू जायची. ती घरे पडली आणि माणसे गाडली गेली, म्हणून रुंद रस्ते आणि सुटी घरे आली, आणि ते सुरक्षिततेसाठी आवश्यकच होते. त्या नव्या रचनेत हाक पोहोचत नाही, हे मात्र तेव्हाची तरुण माणसे म्हातारी झाल्यावर लक्षात येत आहे.

याहून बिकट स्थिती ऊसतोड कामगारांच्या तांड्यांची आहे. बीड, परभणी, हिंगोली, जालना या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे घरात सासरा अंथरुणावर असला तरी जोडप्याला जावेच लागते. मागे राहते ती म्हातारी आणि शाळेत जाणारी नात. त्या पाच-सहा महिन्यांत आजोबांना पाणी पाजणे, ऊन-सावलीला सरकवणे हे त्या नातीकडे येते आणि तिची शाळा सुटते. पटावर ती ‘सतत गैरहजर’ असते. ती कशामुळे गैरहजर आहे, हे लिहायला हजेरीपटात जागा नाही.

मग करायचे काय, असे मला कोणी विचारेल. केरळने यातले बरेच काही करून दाखवले आहे. त्या राज्याने २००८ मध्ये वेदनाशामक व परिहार सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारले. मलप्पुरम आणि कोझिकोड भागात स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या कामाला स्थानिक स्वराज्य संस्थांची जोड मिळाली, आणि आज तिथल्या ग्रामपंचायती प्रशिक्षित परिचारिकेच्या गृहभेटींसाठी आपल्या अंदाजपत्रकात तरतूद करतात. परिचारिका गाडीतून घरोघर जाते, जखम धुते, नळी बदलते आणि घरच्या माणसाशी बोलते. तिथे आश्वासकिरणम नावाची एक योजना आहे. पूर्णवेळ अंथरुणावर असलेल्या रुग्णाला सांभाळणाऱ्या व्यक्तीला तीत महिन्याला ६०० रुपये ठरवलेले आहेत. ही रक्कम फार थोडी आहे. तिच्यात आठवड्याचे डायपरही येत नाहीत. तरीही मला ती योजना महत्त्वाची वाटते, कारण तिच्या अर्जावर सांभाळणाऱ्याचे नाव लिहावे लागते. माझ्या पत्नीचे नाव सात वर्षांत कुठल्याही सरकारी कागदावर ‘हिने सांभाळले’ म्हणून लिहिले गेले नाही.

आपल्याकडे ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी लागते. पक्षाघाताने कायम अपंगत्व आलेला माणूस कायद्याने दिव्यांग ठरू शकतो, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी त्याला रुग्णालयातील मंडळापुढे न्यावे लागते. मायला आम्ही गादीसकट जीपमध्ये घालून नेले होते. डॉक्टरांनी तिला जीपमध्येच पाहिले आणि पाच मिनिटांत सही केली. त्या पाच मिनिटांसाठी तिचा पूर्ण दिवस उन्हात गेला. जो माणूस बाजेवरून हलू शकत नाही त्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने घरी येऊन करावी आणि तो अहवाल मंडळाने ग्राह्य धरावा, यात अवघड काय आहे? निराधार योजनांच्या हयातीच्या दाखल्याचेही तसेच आहे. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, आणि ते उमटेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला दोनदा-तीनदा तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात.

त्या पाच टक्क्यांतून प्रत्येक गावात सर्वांसाठी मिळून दोन हवेच्या गाद्या, एक डोक्याकडून उंच करता येणारी खाट, एक चाकाची खुर्ची आणि एक कमोडची खुर्ची सहज घेता येईल. आपल्या गावांत लग्नाकार्याची मोठी भांडी सार्वजनिक असतात; ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो, घासून परत आणून ठेवतो. गादी-खाटेचीही तशीच व्यवस्था असावी. माय २०२१च्या शेवटी गेली. तिची हवेची गादी त्यानंतर आमच्या गल्लीतल्या तीन घरांत फिरली आणि सध्या चौथ्या घरात आहे.

मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची गोष्ट आहे ती सांभाळणारीच्या विसाव्याची. ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा अशा ठेवाव्यात, की वर्षातून दोन वेळा आठ-आठ दिवस अंथरुणावरच्या माणसाला तिथे ठेवता येईल आणि घरातली बाई तेवढे दिवस मोकळी होईल. ती माहेरी जाईल, स्वतःची तपासणी करून घेईल, किंवा नुसती झोपेल. लेकीला आपण बाळंतपणानंतर माहेरपण करतो, कारण तिचे शरीर थकलेले असते हे सगळ्यांना मान्य आहे. सात वर्षे माणूस उचलणाऱ्या बाईचे शरीर थकत नाही का?

शासनाकडे मागताना कुटुंबांनी स्वतःकडेही पाहायला हवे, हे मला मान्य आहे. आपल्याकडे पेरणीचे नियोजन होते, लग्नाचे होते, विहिरीचे होते. म्हातारपणाचा विषय काढला की घरात अभद्र बोलल्यासारखे वाटते. मग वारे जाण्याच्या दिवशी सगळे एकदम ठरवावे लागते आणि ते रागालोभात ठरते. भावाभावांत शेत वाटले जाते तसे आईबापही वाटले जातात. चार-चार महिन्यांची पाळी लागते, आणि कधी आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे अशी ताटातूट होते. चालत्या-बोलत्या माणसाला ही पाळी कशीबशी सोसते. बाजेवरच्या माणसाला दर चार महिन्यांनी गाव, गादी आणि सांभाळणारे हात बदलणे सोसत नाही. त्यापेक्षा एकाने जागा आणि हात द्यावेत, दुसऱ्याने दरमहा पैसे द्यावेत, तिसऱ्याने वर्षातून महिनाभर येऊन राहावे, आणि हे आईबाप बोलते-चालते असतानाच त्यांच्यासमोर लिहून ठेवावे. बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेताना आपण त्यांना घराबाहेरच्या मानतो आणि आई आजारी पडली की त्यांच्या मायेची आठवण काढतो. आईबापाला सांभाळण्याची जबाबदारी विवाहित मुलीवरही असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले आहे. जबाबदारीत मुलगी वारस असेल तर वाटणीतही ती वारसच असली पाहिजे.

शेत मुलाच्या नावे करताना आई-वडिलांनी एवढे पाहावे, की बक्षीसपत्रात ‘शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द स्पष्ट लिहिले जातील. सांभाळ झाला नाही तर २००७च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. पण ती अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या एका निकालात म्हटले आहे. २०२५च्या जानेवारीतील दुसऱ्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. तरीही आपले म्हातारपण निकालाच्या भरवशावर ठेवण्यापेक्षा एक ओळ लिहिलेली बरी.

आणखी एक गोष्ट बोलायची राहून जाते, ती आमच्याही घरात राहून गेली. शेवटच्या महिन्यात मायला श्वास लागला तेव्हा तिला पुन्हा अतिदक्षता विभागात न्यावे की घरीच ठेवावे, यावर आम्हा भावंडांत तीन दिवस वाद झाला. तिची स्वतःची इच्छा काय असेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिची वाचा जाण्याआधीच्या साठ-पासष्ट वर्षांत आम्ही ते कधी विचारलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. मी आणि माझ्या पत्नीने आमची इच्छापत्रे गेल्या वर्षी केली. मुलाला आणि मुलीला समोर बसवून वाचून दाखवली. मुलगी रडली, मुलगा उठून बाहेर गेला, नंतर परत आला आणि त्याने दोन प्रश्न विचारले. तो अर्धा तास अवघड होता, पण तो आम्ही धडधाकट असताना आला.

निवृत्त झाल्यावर मी एक वही घातली आहे. नोकरीत जे लिहायचे राहिले ते आता लिहितो. गावात घरोघर जाऊन मी पाच रकाने भरतो: अंथरुणावरच्या व्यक्तीचे नाव व वय; केव्हापासून; सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव, नाते व वय; तिला स्वतःला कोणता आजार आहे; आणि ती घराबाहेर शेवटची रात्रभर कधी राहिली. पहिल्या चार रकान्यांची उत्तरे लगेच मिळतात. पाचव्या रकान्याशी बायका थांबतात. साठीतल्या एका बाईंनी बराच वेळ आठवून सांगितले की, पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गेले होते. ते लग्न कोणत्या वर्षी झाले हे त्यांना सांगता येईना. मग त्यांनीच हिशेब केला आणि म्हणाल्या, त्या पुतणीचा मुलगा आता तिसरीत आहे.

ही वही मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवणार आहे आणि तीन ठराव मागणार आहे: ही नोंद ग्रामपंचायतीने दरवर्षी अद्ययावत करावी, दिव्यांग निधीतून सार्वजनिक गाद्या व खाट घ्यावी, आणि ग्रामीण रुग्णालयातील विसाव्याच्या दोन खाटांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागणी पाठवावी. आपल्या दैनिकाचे वाचक मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील गावांत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला आपल्या गावात अशी वही घालायची असेल, तर रकाने वर दिले आहेत. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. शंभर पानी वही आणि रोजची संध्याकाळ पुरते.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. औसा, जि. लातूर